पुढच्या मंगळवारी येणार ना?

वाचक विचारतात

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की निवृत्तीनंतर मुलांना शिकवायला, त्यांच्यासोबत वाचायला बसायला कोणकोण जातं ते कळवा, आणि तुम्ही लोकांनी पत्रांचा, मेलचा, व्हॉइस मेसेजचा असा पाऊस पाडलात की अख्खा महिना त्यातच गेला. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले छाटलेत आणि नावं मुद्दाम काढलीत. मी तज्ज्ञबिज्ज्ञ नाही हं. नऊ वर्षं झाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी मुलांसोबत वाचायला बसते, तेवढ्यात ज्या चुका करून झाल्यात त्या सांगते, आणि अधूनमधून कुठे कुठे वाचलेलं.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, आयुष्यभर हिशेबाचं काम केलं, गणित पक्कं आहे. एका संस्थेमार्फत लहान मुलाला शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी हातच्याची वजाबाकी करून दाखवली तर म्हणतो, आजोबा हे चुकीचंय, आमच्या बाई असं नाही करत. मी परत समजावलं, परत समजावलं, शेवटी तो रडायला लागला. घरी बायको म्हणते तुम्हाला पेशन्स नाही, तुम्ही जाऊच नका. खरंच जाऊ नको का?

उत्तर : जा, नक्की जा, पण आधी वजाबाकी शिकून घ्या. रागावू नका, सांगते. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ५२ वजा २७ असं शिकवलंय : दोनातून सात जात नाहीत म्हणून वरच्या दोनाला दहा दिले, बारा झाले, बारातून सात गेले राहिले पाच, मग खालच्या दोनाला एक दिला, तीन झाले, पाचातून तीन गेले राहिले दोन, उत्तर २५. आता मुलं काय करतात, तर वरच्या पाच दशकांतला एक दशक सुटा करतात, राहिले चार दशक आणि बारा एकक, मग बारातून सात, चारातून दोन, उत्तर तेच २५. दोन्ही बरोबर. आपल्या रीतीत वर दहा वाढवले तर खालीही दहाच वाढवले, आणि दोन्हीकडे सारखंच वाढवलं की फरक बदलत नाही, एवढंच त्यातलं गुपित, पण आपल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं, आपण नुसतं पाठ केलं. (मला स्वतःला हे साठीनंतर कळलं, खोटं कशाला बोलू.) त्या मुलाला मात्र दशक सुटा होताना डोळ्यासमोर दिसतो, काड्यांचा गठ्ठा सोडला की दहा काड्या हातात, आणि तुम्ही मध्येच खालच्या आकड्यात एक कुठून आणून टाकलात हे त्याला काही केल्या कळेना. शाळेत बाई एक सांगतात, इथे आजोबा दुसरं, आणि दोघंही मोठे, म्हणजे चूक कुणाची, तर माझीच असणार. रडेल नाहीतर काय करेल.

म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही शिकवूच नका. सरळ म्हणा, मला जुनी पद्धत येते, तुमची येत नाही, तू मला शिकव. वही त्याच्यापुढे, पेन्सिल त्याच्या हातात. एक तर त्याची भीड चेपते, आणि दुसरं म्हणजे तो समजावताना नेमका कुठे अडकतो ते तुम्हाला दिसतं, आणि बऱ्याचदा ती जागा आपण समजत होतो ती नसतेच. आमच्याकडे एक मुलगी होती, तिची प्रत्येक वजाबाकी चुकायची, महिनाभर आम्ही हातचा हातचा करत बसलो आणि शेवटी लक्षात आलं की मी गणित तोंडी सांगते ना, तर त्रेपन्न म्हटलं की ती ३५ लिहिते. तिचंही एका अर्थी बरोबरच होतं हो, मराठीत बोलताना आपण तीन आधी बोलतो आणि पन्नास मागून, लिहिताना मात्र पाच आधी. दोन आठवडे नुसते आकडे बोलायचे आणि लिहायचे एवढंच केलं, वजाबाकीला हातही लावला नाही, आणि ती सुधारली.

आता पेशन्सचं. तो काही स्वभावात असावाच लागतो असं नाही, मोजून ठेवता येतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग तपासून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एखादा सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तेच जर तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी पोरंही तोंड उघडतात. तीन सेकंद फार वाटत नाहीत ना, पण समोर मूल गप्प बसलेलं असताना थांबून बघा, युग वाटतं. मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजायचं आणि तोवर ओठ मिटून ठेवायचे. आयुष्यभर आकडे मोजलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. वहिनींना सांगा महिनाभराने परत विचारते.

प्रश्न : मुलांना शिकवलं की म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते असं ग्रुपवर फिरतंय. खरं का?

उत्तर : ग्रुपवर फिरतं त्यातलं हे एक बऱ्यापैकी खरं निघालं, पण अर्धंच फिरतंय. अमेरिकेत एक्स्पीरियन्स कोअर नावाचा उपक्रम १९९० च्या दशकात सुरू झाला, त्यात निवृत्त, वयस्क लोक प्राथमिक शाळांत लहान मुलांना वाचायला वगैरे मदत करायला जायचे. लिंडा फ्रीड या डॉक्टरबाई त्यामागे होत्या आणि त्यांचं डोकं असं की म्हाताऱ्यांना व्यायाम करा म्हणून सांगितलं तर चार दिवस करतील, पण मुलं वाट बघतायत म्हटलं तर रोज जिने चढतील. पुढे बाल्टिमोरमध्ये ७०२ जणांवर नीट अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुणी शाळेत जायचं आणि कुणी नाही अशी विभागणी करून. त्यातल्या १११ जणांचे मेंदूचे स्कॅन दोन वर्षं घेतले, आणि वयाबरोबर मेंदूचा जो आठवणींशी संबंधित भाग आक्रसत जातो तो शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये आक्रसण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला. बायकांमध्ये फरक तेवढा ठळक नव्हता. पण ग्रुपवर जे कुणी लिहीत नाही ते हे की ही माणसं आठवड्याला पंधरा तास जात होती. आपण आठवड्यातून एक तास जाणार आणि त्यातही पाहुणे आले की दांडी, तर त्यात मेंदूने वाढावं अशी अपेक्षा जरा जास्तच झाली.

प्रश्न : माझं वय ७१, शिक्षण सातवीपर्यंत. वाचायची आवड आहे, पण इंग्रजी येत नाही आणि आजकालचं विज्ञान-बिज्ञान तर मुळीच नाही. ओळखीच्या एक जणी मला मुलांसोबत बसायला बोलावतायत. मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर? हसतील ना.

उत्तर : आजी, हसले तर हसू द्या, तुम्हीही हसा. तुम्हाला वाचायची आवड आहे हे सातवीच्या पुढच्या सगळ्या डिग्र्यांपेक्षा इथे जास्त कामाचं आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, कारण एक पद्धत आहे तिला जोडीने वाचणं म्हणू, ब्रिटनमधले कीथ टॉपिंग नावाचे प्राध्यापक, त्यांनी त्यावर कित्येक वर्षं काम केलंय, आणि त्या पद्धतीत मोठ्या माणसाला शिकवायचंच नसतं. पुस्तक मुलाने निवडायचं. शेजारी शेजारी बसायचं, समोरासमोर नाही. दोघांनी मोठ्याने एकाच वेळी वाचायचं, तुम्ही त्याच्या वेगाने, त्याला ओढत न्यायचं नाही. त्याला वाटलं की आता मी एकटा वाचतो की त्याने टेबलावर एक टकटक करायची, आधीच ठरवून ठेवायचं, आणि तुम्ही लगेच गप्प व्हायचं. एखादा शब्द अडला किंवा चुकला तर चार-पाच सेकंद थांबायचं, नाहीच जमलं तर शब्द तुम्ही सांगायचा, त्याने तो म्हणायचा, आणि मग परत दोघं मिळून पुढे चालू, त्याची पुढची टकटक येईपर्यंत. क म्हण, काना दे, आता जोड, अरे कालच तर आलं होतं तुला, हे सगळं बंद. गोष्टीचा धागा तुटू द्यायचा नाही, मूल गोष्टीसाठी वाचतं, आपल्यासाठी नाही. आणि मध्ये मध्ये थांबून नुसतं गप्पा मारल्यासारखं, आता हा काय करेल रे, तुला काय वाटतं.

पुस्तक फार अवघड नको एवढं मात्र बघा. एक पान वाचायला द्या आणि न येणाऱ्या शब्दाला एकेक बोट मुडपा, पाची बोटं मुडपली गेली तर ते पुस्तक आत्ता दोघांनी मिळूनच वाचायचं, एकट्याने नाही. वयाप्रमाणे पुस्तक द्यायच्या नादात आपण मोठ्या मुलाच्या हातात मोठं पुस्तक देतो आणि तो पान उलटत बसतो, वाचत काही नाही.

आणि येत नाही याची भीती, तर सुगाता मित्रांचं तुम्ही ऐकलं असेल, मुलांनी आपलं आपण शिकावं म्हणून झोपडपट्टीच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवणारे. त्यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या आजीबाईंना आवाहन केलं की स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोला, आणि आज्यांचं काम काय तर मुलांच्या मागे उभ्या राहिलेल्या आजीसारखं, अगंबाई, हे कसं केलंस, मला तर कधीच जमलं नसतं, दाखव बरं परत, एवढंच म्हणायचं. तेवढ्याने मुलं जास्त खोलात जातात असा त्यांचा अनुभव. मला ती पद्धत सगळीकडे पुरेशी आहे असं वाटत नाही, वाचताच न येणाऱ्या मुलाला नुसत्या कौतुकाने वाचता येत नाही, तिथे शेजारी बसावंच लागतं. पण तुम्ही तर बसणारच आहात. "मला नाही माहीत, चल बघूया कुठे सापडतं" हे वाक्य तोंडात ठेवा. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट येत नाही आणि तरी त्याला लाज वाटत नाही, हे बऱ्याच मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं.

प्रश्न : मुलांना बक्षीस म्हणून काहीतरी छोटं न्यावं का? आमच्यात यावरून भांडण झालंय.

उत्तर : माझं मत, नका नेऊ. एकाला नेलं की दुसऱ्याचं तोंड पडतं, आणि चौथ्या आठवड्यात मूल आधी तुमच्या पिशवीकडे बघतं मग तुमच्याकडे. शाबासकी द्या की, पण तीही जरा बघून. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ चा एक प्रयोग आहे, मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं किती हुशार आहेस, काहींना म्हटलं छान मेहनत घेतलीस, मग मुद्दाम अवघड कोडी दिली, जी सगळ्यांचीच चुकली. त्यानंतर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. हुशारी एकदा गेली की गेली, मेहनत परत करता येते, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होत असावं. तर "वा हुशार!" ऐवजी "तो जोडाक्षराचा शब्द तू तीनदा करून बघितलास ना, मी बघत होते" असं म्हणा. लांब आहे, पण सवय होते.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे, दर शनिवारी चार मुलांना शिकवायला जातात आणि तो त्यांचा आठवड्यातला सगळ्यात आवडता दिवस आहे. पण त्यांना कमी ऐकू यायला लागलंय, मान्य करत नाहीत. तिथल्या ताईंनी मला हळूच सांगितलं की मुलं चुकीचं वाचतात आणि बाबा "छान छान" म्हणतात. त्यांना कसं सांगू, त्यांचं जाणं बंद होईल या भीतीने मी गप्प आहे.

उत्तर : बंद कशाला व्हायला पाहिजे! पण गप्पही राहू नका, कारण त्यात त्या पोरांचं नुकसान आहे. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ना ते सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी जातात ते उंच पट्टीचे बारीक आवाज. मुलांचा आवाज बारीकच असतो, आणि स, श, फ, त, थ हे जे फुसफुसणारे, ओठांवरून हलकेच सुटणारे आवाज आहेत ते नेमके त्याच वरच्या पट्टीत येतात. म्हणून वडिलांना मूल बोलतंय हे ऐकू येतं, त्यांना बहिरं झाल्यासारखं अजिबात वाटत नाही, पण ते सात म्हणालं की साठ हे कळत नाही, बाकीचं डोकं आपोआप भरून घेतं. मान्य करत नाहीत यात त्यांचा हट्ट थोडा आणि हे कारण जास्त. तुम्ही ऐकू येत नाही असं म्हणूच नका, म्हणा बारीक आवाज कमी येतात, एकदा तपासून घेऊ, चष्म्याचा नंबर तपासतो तसं.

तोवर तिथली बैठक बदला. चार मुलांऐवजी एका वेळी एक, फार तर दोन. खोलीचा कोपरा, पाठीमागे भिंत, पंखा आणि दुसऱ्या गटाची गडबड लांब. मुलाच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसवा, ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं. (हो, वरच्या उत्तरात मी शेजारी बसा म्हटलंय, इथे टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा, पुस्तकही दिसतं आणि तोंडही.) मुलाने शब्दाखाली बोट फिरवत वाचायचं आणि वडिलांनी तेच पान स्वतः डोळ्यांनी वाचत राहायचं, म्हणजे कानांवर सगळा भार नको. आणि सगळ्यात सोपा उपाय जो कुणी करत नाही तो म्हणजे मुलांना सांगून टाकायचं. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला कमी ऐकू येतं, मोठ्याने आणि स्पष्ट वाचलंस तरच कळेल. पुटपुटत वाचणारा एक मुलगा होता, त्याला जी गोष्ट आम्ही चौघीजणी वर्षभर सांगत होतो ती त्याने त्या दिवसापासून केली, काकांवर दया म्हणून.

प्रश्न : मला मेंटॉर, म्हणजे सोबत राहून मार्ग दाखवणारा, म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा दिलाय. मी निवृत्त अधिकारी, सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी बोलायला लागलो की तो मोबाइल काढतो. ही पिढी ऐकूनच घेत नाही.

उत्तर : तुम्ही चार पानी पत्र पाठवलंत साहेब, आणि त्यात त्या मुलाने म्हटलेलं एकही वाक्य नाही. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, दिवसभर काय करतो, काहीच नाही. मला वाटतं अडचण तिथे आहे.

एक अभ्यास सांगते, मला फार आवडतो. हवाईमधल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे कित्येक वर्षं, पार चाळिशीपर्यंत लक्ष ठेवलं. त्यातल्या ज्या मुलांच्या घरात गरिबी, भांडणं, व्यसन, आजारपण असं सगळं एकदम होतं, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरी व्यवस्थित, सुखी, कर्ती माणसं झाली. का झाली हे शोधताना जे सापडलं त्यातली एक गोष्ट म्हणजे आईवडील कमी पडले तरी दुसरं कुणीतरी मोठं माणूस त्यांच्याशी टिकून होतं, आजी, काका, एखादी शिक्षिका, शेजारची कुणीतरी. भाषणं देऊन नव्हे, नुसतं असून.

तेव्हा पुढच्या तीन भेटी काहीही सांगू नका. दोघांनी मिळून काहीतरी हाताने करा, सायकल दुरुस्त करा, बुद्धिबळ मांडा, चालायला जा. या वयाची मुलं समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारलं की मिटतात, आणि शेजारून चालताना, दोघांची नजर रस्त्यावर असताना, अचानक बोलतात. मोबाइल काढला तर विचारा काय बघतोयस, आणि खरंच बघा. तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे ते तो विचारेल तेव्हा सांगा, आणि शक्यतो यशाचं आधी नको, कुठे आपटलात ते आधी. "आमच्या काळी" या दोन शब्दांवर मी आमच्या गटात दंड लावला होता, सगळ्यात जास्त मीच भरला.

प्रश्न : सहा महिने झाले, मुलगी तोंडी सगळं छान सांगते, गोष्टी रचते, पण वाचायला घेतलं की तीच अक्षरं रोज नव्याने. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं चुकतंय असं वाटत नाही. बोलण्यात तरतरीत आणि अक्षरांशी मात्र रोजची झटापट, हे डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणाऱ्या एका अडचणीचं, लक्षण असू शकतं, असू शकतं म्हणतेय, आहे नाही. ते ठरवणं आपलं काम नाही आणि त्या शब्दाचं लेबल आपण तर अजिबात लावायचं नाही, तिच्यासमोर तर नाहीच. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि लवकर कळलं तर योग्य पद्धतीने शिकवून बराच फरक पडतो, म्हणून लवकर कळवणं महत्त्वाचं. तुम्ही फक्त तारीख घालून लिहून ठेवा, कोणती अक्षरं अडतात, कोणत्यात गोंधळ होतो, कधी दमते, आणि ते तिच्या शिक्षकांना आणि संस्थेतल्या जबाबदार माणसाला द्या, पालकांशी त्यांनी बोलावं. डोळे आणि कान तपासलेत का हेही विचारा, कधीकधी साधा चष्मा असतो हो.

प्रश्न : एका लहान मुलीने मला सांगितलं की एक गोष्ट सांगते पण कुणाला सांगायची नाही अशी शपथ घ्या. मी घेतली. आता तिने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली आहे. शपथ मोडू का?

उत्तर : हो. आज. हा अंक हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला मी वेगळं कळवलं आहेच, बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

अशी शपथ कधीही घ्यायची नाही. मूल असं म्हणालं की म्हणायचं, तू सांग, मी नीट ऐकेन, पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगणार ते मी तुला आधी सांगेन. मग ऐकायचं. चेहऱ्यावर धक्का दाखवायचा नाही, खोदून विचारायचं नाही, "त्यांनी असं केलं का" असे शब्द आपण तिच्या तोंडात घालायचे नाहीत, पुढे चौकशीत त्याचा घोळ होतो. तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, एवढं म्हणायचं. घरी जाऊन त्याच दिवशी तिचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि संस्थेत मुलांच्या सुरक्षेसाठी जो माणूस नेमलेला असतो त्याला कळवायचं, तो नसेल किंवा तोच त्यात असेल तर थेट बाल हेल्पलाइन किंवा पोलीस. स्वतः जाऊन त्या घरी जाब विचारायचा नाही, त्याने मुलीवरच संकट येऊ शकतं. आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर नाव न घेताही यातलं काही जायला नको.

जाता जाता हेही, की काहीजणांनी तक्रार केलीये की आमची पार्श्वभूमी तपासतात, दार उघडं ठेवायला लावतात, मुलांना परस्पर मेसेज करू देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, या वयात आमच्यावर संशय. मलाही पहिल्यांदा लागलं होतं ते मनाला. पण जो नियम चांगल्या माणसाला थोडा टोचतो तोच वाइटाला अडवतो, आणि मूल काही कपाळ वाचून ओळखत नाही कोण कसा ते. ज्या संस्थेत असं काही विचारतच नाहीत तिथे मी जाणार नाही.

प्रश्न : दीड वर्ष मी एका मुलाबरोबर वाचते आहे. आता दोन महिन्यांनी मुलाकडे कायमची राहायला जाणार आहे, लांब. त्याला कसं सांगू ते सुचत नाही. शेवटच्या दिवशीच सांगावं म्हणतेय, म्हणजे आधीपासून त्याला वाईट वाटायला नको. की सांगूच नये?

उत्तर : न सांगता जाऊ नका, एवढं माझं ऐका. माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केलंय. घरात अडचण आली, चार आठवडे गेले नाही, निरोपही दिला नाही, म्हटलं एवढं काय, दुसरं कुणीतरी बसेल. परत गेले तेव्हा ज्या मुलासोबत बसायचे तो माझ्याकडे आलाच नाही, दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. त्याला वाटलं होतं तो वाचताना चुकायचा म्हणून मी यायची थांबले. हे त्याने मला नाही सांगितलं, दुसऱ्या एका ताईंना सांगितलं.

जीन रोड्स आणि जीन ग्रॉसमन यांचा २००२ चा एक अभ्यास आहे, मेंटॉर मिळालेल्या अमेरिकन मुलांवरचा. ज्यांची जोडी वर्ष किंवा जास्त टिकली त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि ज्यांची तीन महिन्यांच्या आतच तुटली त्यांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षा खाली आली. म्हणजे कुणी आलंच नसतं तर बरं, असं. नव्याने येऊ म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच आधी विचारते की वर्षभर जमेल का, गुडघ्याचं ऑपरेशन, लांबचा प्रवास, घरातलं लग्न असं काही ठरलेलं असेल तर ते उरकून या, घाई नाही.

तुमचं तर दीड वर्ष झालंय, ते काही वाया जात नाही. आजच त्याला सांगा. कॅलेंडर घ्या, अजून किती भेटी उरल्यात त्या त्याला स्वतःच्या हाताने मोजू द्या. कारण खरं सांगा, मी माझ्या मुलाकडे राहायला जातेय, तुझ्यामुळे नाही. तो चिडला, दोन वेळा आला नाही, वाचायला नकार दिला, तर समजून घ्या, त्याची तीच रीत आहे, तुम्ही मात्र ठरलेल्या वेळी येऊन बसा. तुमच्या जागी कुणी येणार असेल तर शेवटच्या दोन-तीन भेटींना त्यांना सोबत आणा, त्या मुलालाच त्यांना सगळं दाखवू द्या, आम्ही कुठून वाचतो, टकटक कशी करायची. दीड वर्षापूर्वी त्याने अडखळत वाचलेलं पहिलं पुस्तक असेल तर ते शेवटच्या दिवशी परत काढा आणि त्यालाच वाचू द्या, तुम्ही काही बोलू नका. परत येईन, फोन करेन असं जे पाळता येणार नाही ते तोंडातून जाऊ देऊ नका, संस्था परवानगी देत असेल तर त्यांच्यामार्फत एखादं पत्र पाठवेन म्हणा, आणि म्हटलंत तर पाठवा. त्याने निघताना सवयीने "पुढच्या मंगळवारी येणार ना?" असं विचारलं तर हो म्हणू नका.